शंभर गाड्या आणि चौदा किलोमीटर

मंडळी, मागचे दोन शनिवार रिलीजच्या धबडग्यात गेले, त्यामुळे इथे शुकशुकाट होता. आज लिहितोय ते जरा तावातावाने लिहितोय, तेव्हा आधीच सांगून ठेवतो, सांभाळून घ्या.

आमच्या ऑफिसात चार-पाच गाडीवेडे आहेत. त्यांच्यातल्या म्होरक्याला आपण 'टर्बो' म्हणू. हा स्वतः वॅगन-आर चालवतो, पण बोलतो मात्र जर्मन इंजिनांबद्दलच. ऑक्टोबर २०२५ मध्ये एके दिवशी कँटीनमध्ये तो ओरडतच आला. नव्या रूपातली स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस भारतात आली होती, आणि किंमत जाहीर व्हायच्या आधीच सगळ्याच्या सगळ्या गाड्या बुक झाल्या होत्या. पुढे किंमत कळली ४९ लाख ९९ हजार. एक्स-शोरूम. म्हणजे रस्त्यावर यायला आणखी कितीतरी. तरीही हाउसफुल्ल!

झालं, मीटिंग रूममधल्या व्हाइटबोर्डवर आकडेमोड सुरू झाली. "पुढच्या वेळी हजार आणल्या तरी जातील. पाच वर्षांत दहा हजार. भारत आता स्पोर्ट्स कारला तयार आहे." मी नेहमीप्रमाणे नाक मुरडलं, तर टर्बोने माझ्यावरच बंदूक रोखली. "अरे, तुमच्या बुलढाण्यातून समृद्धी महामार्ग गेलाय. एवढा मोठा सरळसोट रस्ता! निदान तुला तरी कळायला पाहिजे."

तेव्हा मी गप्प बसलो. पण हा विषय अधूनमधून निघतच राहतो, आणि दर वेळी बुलढाणा माझ्या तोंडावर फेकला जातो. म्हणून आज एकदाचं लिहून टाकतो. मला खरंच कळतं, आणि जे कळतं ते व्हाइटबोर्डवरच्या आकड्यांच्या नेमकं उलट आहे.

आधी त्या हाउसफुल्लचं बघू. गाड्या किती होत्या? शंभर. दहा हजार नाही, हजारही नाही, फक्त शंभर. २०२४-२५ या आर्थिक वर्षात आपल्या देशात कार, एसयूव्ही आणि व्हॅन मिळून ४३ लाख प्रवासी वाहनं कंपन्यांनी विकली. म्हणजे त्रेचाळीस हजारांत एक. दहा पानं मांडायची, दहा माणसं जेवून उठली की पंगत हाउसफुल्ल म्हणून गावभर सांगत सुटायचं, त्यातला हा प्रकार. त्याच कंपनीने २०२० मध्ये ऑक्टाव्हिया आरएस २४५ आणली होती, तेव्हा गाड्या होत्या २०० आणि किंमत सुमारे ३६ लाख. पाच वर्षांनी गाड्या निम्म्या, किंमत पन्नास लाखांच्या घरात. ज्याला हा चढता आलेख दिसतो त्याने व्हाइटबोर्ड उलटा धरलाय.

यात कंपनीला मी दोष देत नाही हं. उलट ह्या सगळ्या गोंधळात तिचाच अंदाज सगळ्यात प्रामाणिक आहे. परदेशात तयार झालेली गाडी इथे पुन्हा सगळ्या चाचण्या न करता वर्षाला २,५०० पर्यंत आणता येते, असा नियम २०१८ पासून आहे. म्हणजे त्या नियमात आणखी गाड्या आणायला वाव होता. फोक्सवॅगननेही २०२५ मध्ये गोल्फ जीटीआय आणली ती पहिल्या खेपेला १५०च, किंमत जवळपास ५३ लाख. तीही संपली. ह्या लोकांना आपली बाजारपेठ टर्बोपेक्षा बरी कळते. देशात शंभर-दीडशे माणसं मिळतील, तेवढ्याच गाड्या आणू, मिरवू, आणि त्या झगमगाटात रोजच्या गाड्या विकू. हिशेब चोख आहे. चुकतोय तो आपण, ही बातमी वाचून 'मागणी' मोजणारे.

ही चूक काही आजची नाही. आमच्या पिढीतल्या काहींना सॅन स्टॉर्म आठवत असेल. नव्वदच्या दशकाच्या शेवटी गोव्यात तयार झालेली दोन सीटांची, उघड्या टपाची, फायबरच्या बॉडीची चिमुकली गाडी. आत रेनॉचं ११४९ सीसीचं साठ हॉर्सपॉवरचं इंजिन. मासिकात फोटो आला की आम्ही पोरं कापून वहीत चिकटवायचो. किती वह्यांत तो फोटो असेल देव जाणे, पण रस्त्यावर ती गाडी मी आजवर एकदाच पाहिली.

मग आली डीसी अवंती. २०१२ च्या ऑटो एक्स्पोमध्ये दिलीप छाब्रिया यांनी ती आणली तेव्हा भारताची पहिली सुपरकार म्हणून काय गाजावाजा झाला होता! मध्यभागी बसवलेलं रेनॉचं दोन लिटर टर्बो इंजिन, पुन्हा दोनच सीट. स्टॉलवर ही गर्दी, वर्तमानपत्रांत हे मोठे फोटो. प्रत्यक्षात विकल्या गेलेल्या गाड्यांचा आकडा शे-सव्वाशेच्या घरातच राहिला.

आपल्या धंद्यातल्या भाषेत सांगायचं तर ही सगळी मंडळी हिट्स मोजतात आणि त्याला युजर म्हणतात. साइटवर दहा लाख लोक येऊन गेले म्हणून दहा लाख ग्राहक झाले असं स्लाइडवर लिहिणाऱ्या स्टार्टअपचं पुढे काय होतं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. (काहींनी तर आतून पाहिलंय. :) ) स्पोर्ट्स कारचं तेच. फोटो काढणारे, पोस्टर लावणारे, यूट्यूबवर रिव्ह्यू बघणारे हे सगळे हिट्स. ग्राहक वेगळा असतो. त्याला ती गाडी घरी न्यायची असते.

टर्बो इथे लगेच म्हणेल, मग थार कशी खपली? तीही हौसेचीच गाडी ना?

बरोबर. आणि थारची गोष्ट मुद्दाम सांगायलाच हवी, कारण नव्याने डिझाइन केलेली हौसेची गाडी किती खपेल याचा अंदाज आपल्या महाराष्ट्रातच कसा सपशेल चुकला, तेही सुखद बाजूने, त्याचं हे उदाहरण आहे. नाशिकला तयार होणारी ही गाडी. २०१० ची पहिली थार म्हणजे ताडपत्रीचं छप्पर, मागे समोरासमोर दोन आडवी बाकं, आणि बसणाऱ्याच्या मणक्याची परीक्षा. २ ऑक्टोबर २०२० ला नवी थार आली, ९ लाख ८० हजारांपासून. चार दिवसांत ९,००० बुकिंग. महिन्याला दोन हजार गाड्यांची तयारी ठेवलेल्या कंपनीला जानेवारी २०२१ पर्यंत ती तीन हजारांवर न्यायची घोषणा करावी लागली, तरी लोक महिनोन् महिने थांबले.

आता प्रश्न असा की नव्या थारमध्ये बदललं काय? ती जास्त 'स्पोर्टी' झाली म्हणून खपली का? नाही हो. पक्कं छप्पर आलं. मागची सीट इतर गाड्यांसारखी पुढे तोंड करून आली. ऑटोमॅटिक गिअर आला, आणि सुरुवातीच्या बुकिंगमध्ये जवळपास निम्म्या लोकांनी तोच मागितला. ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत चार तारे मिळाले. आणि गाडीच्या पोटाखालची जागा पूर्वीच्या २०० मिलिमीटरवरून २२६ झाली. थोडक्यात, रांगडेपणाचं रूप तेवढं ठेवून बाकी सगळी गाडी घरातल्यांना चालेल अशी केली. पुढे २०२४ मध्ये पाच दारांची रॉक्स आली तेव्हा एका तासात १ लाख ७६ हजारांवर बुकिंग झालं. दारं वाढली, मागे आईवडिलांना नीट बसता आलं, आणि ग्राहक वाढले. स्पोर्ट्स कारवाल्यांनी यातून नेमका उलटा धडा घेतला: लोकांकडे पैसा आहे, लोक हौशी आहेत, आणा अजून खाली बसलेली गाडी!

आता येऊ समृद्धीवर, म्हणजे माझ्या घरावर.

नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर. नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला, शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला. बुलढाणा जिल्ह्यातून सुमारे ८७ किलोमीटर जातो, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगाव राजा या तालुक्यांतून. मी पुण्याहून निघतो, जालन्याला समृद्धीवर चढतो आणि मेहकरला उतरतो. रस्ता सुंदरच आहे, त्यात वादच नाही. माझ्या लहानपणी याच प्रवासात एसटीने हाडं खिळखिळी व्हायची.

पण टर्बोभाऊ, जरा हिशेब करू. रस्ता १५० च्या वेगासाठी आखलेला असला तरी कारला परवानगी आहे १२० ची. समजा तुमच्या स्पोर्ट्स कारने कायदा धाब्यावर बसवून १५० पकडला. जिल्ह्यातले ८७ किलोमीटर १२० ने साडेत्रेचाळीस मिनिटांत होतात, १५० ने पस्तीस मिनिटांत. वाचली साडेआठ मिनिटं.

मेहकरला उतरल्यावर माझ्या गावापर्यंत चौदा किलोमीटर आहेत. त्याला लागतात पस्तीस मिनिटं. पावसाळ्यात पन्नास.

असं का, तर आमच्याकडची काळी माती. पाऊस पडला की ती फुगते, उन्हाळ्यात आक्रसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. समृद्धीखाली भर घालून, खोल पाया करून रस्ता बांधलाय, त्याला फरक पडत नाही. गावच्या रस्त्याला तेवढा पैसा कोण देणार? पातळ डांबर मातीबरोबर वर-खाली होतं, दोन वर्षांत रस्त्याला लाटा येतात, तिसऱ्या वर्षी खड्डे. त्यात प्रत्येक वस्तीपुढे लोकांनी स्वतः घातलेले गतिरोधक, कारण पोरं शाळेत जातात आणि मोटारसायकली थांबत नाहीत. मधे दोन नाले, त्यातल्या एकावर पूल आहे.

कॉलेजात ॲमडालचा नियम शिकलो होतो ना आपण? प्रोग्रामचा जो भाग हळू आहे त्याला हात न लावता जलद भाग आणखी जलद केला तर एकूण फायदा चिमूटभर. माझ्या घरच्या वाटेतला हळू भाग ते चौदा किलोमीटर आहेत. तिथे २६५ हॉर्सपॉवर आणि शून्य ते शंभर साडेसहा सेकंदांच्या आत हे सगळं बोनेटखाली झोपून राहतं. हे काही फक्त माझ्या गावाचं नाही. तुम्ही पुण्यात राहता म्हणून फार हसू नका. एक्स्प्रेसवेवरून उतरल्यावर तुमच्या सोसायटीच्या गेटपर्यंतचा रस्ता आठवा.

आणखी एक. समृद्धीवर दुचाकीला बंदी आहे. आमच्या गावात दर दुसऱ्या घरी मोटारसायकल आहे. बजाजने आजवर दोन कोटींच्या वर पल्सर विकल्यात, त्यातल्या काही आमच्या पारावर रोज संध्याकाळी उभ्या असतात. बुलढाण्याची खरी स्पोर्ट्स कार तीच. ती समृद्धीवर चढू शकत नाही. ज्याचं वावर रस्त्यात गेलं त्याने आपल्या मोटारसायकलवर पुलाखालून जायचं आणि वरून जाणाऱ्यांचा आवाज ऐकायचा. तेव्हा 'तुमच्या बुलढाण्यातून' रस्ता गेला हे खरं आहे, पण 'बुलढाण्यातून' आणि 'बुलढाण्यासाठी' यांत फरक आहे, एवढं लक्षात असू द्या.

आणि १ जुलै २०२३ ची पहाट कशी विसरायची? सिंदखेडराजा तालुक्यात पिंपळखुट्याजवळ खाजगी बस उलटून पेटली. नागपूरहून पुण्याला निघालेली. २५ माणसं गेली. ती बस काही स्पोर्ट्स कार नव्हती, हे मला कळतं. पण त्या रात्री मीही अशाच एका बसने गावी जायला निघालो असतो तर, हा विचार मला आजही सोडत नाही. त्यानंतर सुद्धा 'वीकेंडला लोणार ड्राइव्ह, बघू किती खेचते' असं कुणी बोललं की माझं डोकं सणकतं. लोणारला जरूर या. सरोवर बघा, देवळं बघा, दोन दिवस राहा. पण ते ८७ किलोमीटर तुमच्या गाडीचं टेस्ट एन्व्हायर्नमेंट नाही. ते प्रॉडक्शन आहे, तिथे माणसं आहेत.

आता इतका वेळ दुसऱ्यांना शहाणपण शिकवलं, तर स्वतःचंही सांगतो. हे लिहायला इतके दिवस टाळत होतो ते ह्याचसाठी.

समृद्धीत आमच्या मोठेबाबांची साडेतीन एकर गेली. मोबदला चांगला मिळाला, खोटं कशाला बोलू. २०१९ मध्ये माझ्या धाकट्या चुलत भावाने फोन केला. "दादा, गाडी घ्यायची हाये. तू इंजिनीअर हायेस, तूच सांग कोन्ती घेऊ." मी सॉफ्टवेअर इंजिनीअर, पण गावात इंजिनीअर म्हणजे इंजिनीअर. मला जबाबदारी वाटण्याऐवजी मजा वाटली. एक्सेल शीट केली. अकरा गाड्या, चौदा कॉलम. हॉर्सपॉवर, टॉर्क, शून्य ते शंभर, मायलेज, सगळं. मनात होतं, आता समृद्धी होणार, पोरगा मस्त गाडी पळवेल, आणि सुट्टीत गेलो की मीही. शेवटी पुण्यातून एक सेकंडहँड युरोपियन सेडान शोधून दिली, स्पोर्ट सस्पेन्शनवाली. नाव सांगत नाही, गाडीचा काही दोष नव्हता. तो गाडी घेऊन गेला तेव्हा पोरं एक किलोमीटर मागे धावली होती.

जुलै २०२१ मध्ये, म्हणजे समृद्धी सुरू व्हायच्याही दीड वर्ष आधी, नाल्यातल्या दगडावर तिचं चेंबर फुटलं. ऑइल सगळं गेलं. त्याला कळलं नाही, तसाच दोन किलोमीटर चालवत आला, इंजिन सीज. मेहकरच्या मिस्त्रीने बोनेट उघडून पुन्हा लावून दिलं, म्हणाला माझ्या बसची गोष्ट नाही. गाडी टेम्पोवर घालून दोनशे किलोमीटर न्यायची, खर्च तीन लाखांच्या आसपास. ती आठ महिने कडुनिंबाखाली उभी होती. कोंबड्या बसायच्या तिच्यावर. मग मिळेल त्या किमतीला गेली. आता त्याच्याकडे जुनी बोलेरो आहे, आणि वावर नाही.

दिवाळीत घरी गेलो तेव्हा मोठेबाबा रागावतील म्हणून मनाची तयारी करून गेलो होतो. ते रागावले नाहीत. रात्री ओट्यावर बसल्यावर एवढंच म्हणाले, "काहून रे बापू, एवढं समदं मोजलं तुनं. गाडीच्या पोटाखाली जागा किती हाये, हे पाह्यलं नव्हतं काय?"

पाहिलं नव्हतं. चौदा कॉलममध्ये तो कॉलमच नव्हता.

म्हणून म्हणतो मंडळी, स्पोर्ट्स कारच्या खपाचे हे अंदाज मला नुसते विनोदी वाटत नाहीत. व्हाइटबोर्डवर दहा हजार लिहिणारा टर्बो आणि एक्सेलमध्ये टॉर्क लिहिणारा मी, आम्ही दोघांनी एकच केलं. स्वतःची हौस मोजली आणि तिला दुसऱ्याची गरज म्हटलं. कंपनी शंभरावर थांबते, तिचं काही बिघडत नाही. पण 'भारत तयार आहे' हे वाक्य इंटरनेटवरून आणि ऑफिसातून गावी पोचतं, आणि तिथे कुणीतरी आयुष्यात एकदाच हातात आलेले पैसे घेऊन उभा असतो. पुरंदरला, शक्तिपीठ महामार्गाला, आणखी कुठे कुठे जमिनी मागणं चालूच आहे. असे फोन तुमच्यातल्या अनेकांना येतील. "दादा, कोन्ती घेऊ?"

तेव्हा उत्तर देण्याआधी विचारा. घरापर्यंतचा शेवटचा रस्ता कसा आहे? चेंबर फुटलं तर उघडणारा मिस्त्री किती लांब आहे? मागे कोण बसणार आहे? ह्या तीन प्रश्नांची उत्तरं ज्या गाडीकडे आहेत ती आपोआप खपते, तिला हाउसफुल्लचा बोर्ड लावावा लागत नाही. आणि ज्यांच्याकडे ही उत्तरं नाहीत, त्या गाड्या देशात शंभरच याव्यात हेच बरोबर आहे. त्या शंभर जणांना माझ्या शुभेच्छा, खरंच. गाडी देखणी आहे. कुणी चक्कर मारायला दिली तर मी नाही म्हणणार नाही, एवढा काही मी साधू नाही.

असो. पुढच्या आठवड्यात गावी जातोय. टर्बोला सोबत बोलावलंय, त्याच्याच वॅगन-आरने. ते चौदा किलोमीटर त्यानेच चालवायचे असं ठरलंय. परत आल्यावर पुन्हा व्हाइटबोर्डपाशी उभं करतो त्याला.